तारा फुटतो, पण आधी कोसळतो

मुलांना सुपरनोव्हा, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा झगझगीत शेवट, समजावताना बहुतेक मोठी माणसं एकच हातवारा करतात. दोन्ही मुठी छातीशी आवळायच्या, मग बोटं फाकवून हात लांब फेकायचे आणि 'ढुम्म' म्हणायचं. मूल खूश, सांगणारा खूश. पण या हातवाऱ्यात गोष्ट अर्धीच आहे, आणि तीही शेवटची अर्धी. तारा स्वतःच्याच वजनाखाली आतल्या आत कोसळतो, ही पहिली अर्धी गोष्ट आपण गाळून टाकतो. विज्ञान तर नेमकं तिथेच आहे.

यावर ठरलेली हरकत अशी की लहान मुलांना सोपंच सांगावं, 'स्फोट' म्हटलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते मुलाच्या पुढच्या प्रश्नात. तारा सुतळी बॉम्बसारखा फुटतो असं सांगितलं, तर कोणतंही हुशार मूल विचारणार, 'मग वात कोणी लावली?' याला उत्तर नाही, कारण वात नाहीच. 'तारा कोसळतो' असं सांगितलं, तर ते विचारेल, 'मग इतकी वर्षं का नाही कोसळला?' या एका प्रश्नात ताऱ्याचं सगळं आयुष्य येतं. सोपं करण्याला आमचा विरोध नाही. ज्या सोपेपणापुढे मुलाला प्रश्नच विचारता येत नाही, त्याला आहे.

इतकी वर्षं का कोसळला नाही, याचं उत्तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला नीट कळतं. ताऱ्याचं वजन त्याला आत ओढत असतं, आणि पोटातल्या उष्णतेमुळे वायूचा दाब बाहेर रेटत असतो. रस्सीखेचीत दोन्ही गट तुल्यबळ असले की दोरीवरचा रुमाल जागचा हलत नाही, तसा तारा स्थिर राहतो. ही उष्णता येते हायड्रोजनची केंद्रकं जुळून हेलियम बनताना. इथे ऑक्सिजन नाही, ज्वाळा नाहीत. बोलताना 'ताऱ्याचं इंधन जळतं' असं आपण म्हणतो, पण ते चुलीतलं जळणं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. नाहीतर 'अवकाशात हवा नाही, मग सूर्य जळतो कसा?' हा प्रश्न येतो, आणि तो विचारणारं मूल अगदी बरोबर असतं.

आता हा तोल बिघडतो कसा? त्यासाठी शाळेचं मैदान, सुमारे ७७ मीटर सुतळी आणि गव्हाचा एक दाणा पुरतो. सूर्याच्या साधारण २५ पट वस्तुमानाचा तारा घ्या. त्याचा हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो. १ लाख वर्षांना १ मीटर धरलं, तर ७० मीटर सुतळी हायड्रोजनची. पुढे हेलियमपासून कार्बन बनतो, त्याची ७ लाख वर्षं म्हणजे ७ मीटर. मग कार्बनची पाळी, ती फक्त सुमारे ६०० वर्षं. आपल्या मापात ६ मिलिमीटर, एक गव्हाचा दाणा. तो सुतळीच्या टोकाशी ठेवायचा. त्यानंतर निऑनला जेमतेम एक वर्ष, ऑक्सिजनला सहा महिने, सिलिकॉनला एक दिवस. हे दाखवायला सुतळीवर जागाच नाही, निऑनचं अख्खं वर्ष मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसतं. मुलांना सुतळीच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवावं. शेवटी वाकून दाणा शोधताना जे कळतं, ते फळ्यावरच्या आकड्यांनी कळत नाही.

मुलं विचारतात, शेवटी एवढी घाई का? दोन कारणं. पुढच्या प्रत्येक इंधनातून मिळणारी ऊर्जा कमी होत जाते. शिवाय गाभा इतका तापलेला असतो की न्यूट्रिनो नावाचे कण भराभर ऊर्जा घेऊन बाहेर पळतात, आणि ती तूट भरून काढायला तारा इंधन आणखी वेगाने संपवतो. सिलिकॉननंतर गाभ्यात लोखंड साचतं आणि तिथे हिशेबच उलटतो. लोखंडाची केंद्रकं जुळवून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. शेकोटीत ओला ओंडका टाकल्यासारखं ते आहे: उष्णता देणं दूरच, असलेली खातो. 'लोखंड जड असतं म्हणून तारा कोसळतो' असं काही ठिकाणी सांगितलं जातं, ते साफ चूक आहे. तारा कोसळतो तो बाहेर रेटणारा दाब तुटपुंजा पडतो म्हणून.

लोखंडी गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पटीला पोचलं की त्याला स्वतःचा भार पेलवत नाही. पृथ्वीएवढा हा गोळा एका सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरांवर येतो. पुण्यासारख्या शहराच्या हद्दीत मावेल एवढा. मग आणखी दबायला जागा उरत नाही. वरून येणारा पदार्थ त्या टणक गाभ्यावर आदळतो आणि उलटा फिरतो. आपल्याला दिसतो तो 'स्फोट' हा या उसळीचा परिणाम.

वर्गात फुगा फोडून सुपरनोव्हा दाखवण्याची पद्धत म्हणूनच बंद करावी. फुग्यात आतला दाब जास्त होतो आणि पातळ कातडं फाटतं. ताऱ्यात आतला दाब कमी पडतो, आणि फाटायला कातडंच नसतं. दोन्ही टोकांनी उलटा दाखला आहे हा. त्याऐवजी दोन प्रयोग करता येतात.

पहिला कोसळण्याचा. शीतपेयाचा रिकामा ॲल्युमिनियमचा डबा घ्या, त्यात दोन-तीन चमचे पाणी घाला आणि सांडशीत धरून गॅसवर ठेवा. तोंडातून वाफेचा सलग लोट सुरू झाला की आणखी अर्धा मिनिट थांबा. मग झटक्यात डबा उलटा करून त्याचं तोंड थंड पाण्याच्या घमेल्यात बुडवा. वाफेचं क्षणात पाणी होतं, आतला दाब जातो आणि डबा चेपतो. तो चेपला नाही, तर तीनांपैकी एक चूक झालेली असते. वाफ पुरेशी झाली नव्हती आणि आत हवा राहिली, किंवा डबा तिरका बुडवल्यामुळे हवा आत शिरली, किंवा घमेल्यात पाणी गार नव्हतं. स्टीलचा डबा घेऊ नका, तो चेपणार नाही. हे काम मोठ्या माणसाचं आहे, मुलं चार हात लांब हवीत. आणि प्रयोग संपल्यावर एक गोष्ट आवर्जून सांगा: डबा बाहेरच्या हवेने चेपला, तारा स्वतःच्या वजनाने चेपतो.

दुसरा उसळीचा. पूर्ण हवा भरलेल्या फुटबॉलवर टेनिसचा चेंडू ठेवून दोन्ही एकत्र, साधारण एक मीटर उंचीवरून फरशीवर सोडायचे. फुटबॉल जमिनीवर आपटून वर येतो, तेवढ्यात खाली येणारा टेनिस चेंडू त्याच्यावर आदळतो आणि सोडलेल्या उंचीच्या कितीतरी वर उडतो. प्रयोग बहुतेकदा फसतो तो चेंडू बाजूला निसटल्यामुळे. त्यासाठी चार्टपेपरची आठ सेंटिमीटर व्यासाची आणि बोटभर उंचीची नळी करून फुटबॉलला चिकटपट्टीने लावावी आणि टेनिस चेंडू तिच्यात सैलसर ठेवावा. फुटबॉल मऊ असेल तर काहीच घडत नाही. वर्गात करणार असाल तर पंखा बंद करा, बाहेर केलेलं उत्तम. हाही दाखला पूर्ण खरा नाही. प्रत्यक्षात ती उसळी वरून कोसळणाऱ्या पदार्थामुळे वाटेत अडखळते, आणि गाभ्यातून निघालेल्या न्यूट्रिनोंचा रेटा मिळाल्यावर पुढे सरकते, असं संगणकावरची प्रारूपं सांगतात. नववी-दहावीच्या मुलांना हे सांगावं. धाकट्यांना 'ही अर्धी गोष्ट आहे' एवढं सांगितलं तरी प्रामाणिकपणा राहतो.

आधी कोसळणं, मग उसळी, हे कल्पनेतलं चित्र नाही. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठा मॅजेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या सुपरनोव्हाचा प्रकाश पृथ्वीवर पोचला. त्याच्या दोन-तीन तास आधी जपान, अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या जमिनीखालच्या उपकरणांनी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो टिपले होते. न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने धावत नाहीत. ते गाभा कोसळताच निघाले. उसळीची लाट मात्र ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचायला काही तास लागले, आणि तोवर बाहेरून तारा नेहमीसारखाच दिसत होता. अशा घटनेतली साधारण ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनोंबरोबर जाते. डोळ्यांना दिसणारा तो झगझगाट म्हणजे किरकोळ शिल्लक. बातम्यांतला 'महास्फोट' या किरकोळीवर पोसलेला असतो.

एक मान्य करायला हवं. सुपरनोव्हाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्यात 'स्फोट' हा शब्द चपखल बसतो. जोडीदार असलेल्या श्वेत बटू ताऱ्यात, म्हणजे मध्यम ताऱ्याच्या मागे उरलेल्या लहान, दाट गाभ्यात, कार्बन एकदम पेट घेतो आणि अख्खा तारा उधळला जातो. पण हा प्रकार आठवीनंतरचा. आधी एक गोष्ट पक्की होऊ द्या.

शब्दांचाही घोळ आहे. मराठीत 'नोव्हा'ला नवतारा आणि 'सुपरनोव्हा'ला अतिनवतारा म्हणतात. डॅनिश खगोलनिरीक्षक टायको ब्राहे याने १५७२ मध्ये पाहिलेल्या ताऱ्याला 'नवा तारा' म्हटलं, तिथून हे नाव रूढ झालं. प्रत्यक्षात अतिनवतारा हा म्हातारा तारा असतो. नवताऱ्यात तर तारा मरतही नाही. श्वेत बटूच्या अंगावर साचलेला हायड्रोजनचा थर तेवढा भडकतो, आणि पुन्हा साचला की पुन्हा भडकतो. उत्तर मुकुट या तारकासमूहातला असा एक तारा १८६६ आणि १९४६ मध्ये भडकला होता. तो २०२४ मध्ये परत भडकेल अशी हाकाटी झाली, बातम्यांनी त्याला खुशाल 'ताऱ्याचा मृत्यू' म्हटलं, आणि २०२४ साल कोरडंच गेलं. मुलांशी बोलताना 'सुपरनोव्हा' हाच शब्द वापरावा हे आमचं मत, कारण त्यात निदान खोटा अर्थ डोकावत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मराठीच बरी. 'बिलियन'चं भाषांतर कुणी दशलक्ष करतं, कुणी दशकोटी. बिलियन म्हणजे १ अब्ज, म्हणजे १०० कोटी. फरक मुलांना सेकंदांत मोजू द्या. १० लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस. १ अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ वर्षं. अंतरांसाठी सूर्याला १४ सेंटिमीटरचा चेंडू माना. पृथ्वी सव्वा मिलिमीटरचा मोहरीचा दाणा, १५ मीटरवर. सर्वांत जवळच्या ताऱ्यांतला 'मित्र' याच मापात ४,००० किलोमीटरहून लांब, म्हणजे कन्याकुमारी ते श्रीनगर या अंतरापेक्षाही जास्त. मृगातला तांबडा काक्षी (इंग्रजीत बीटलजूस) या मापात सुमारे १०० मीटर व्यासाचा होतो. धावण्याच्या शर्यतीची अख्खी पट्टी एका ताऱ्याच्या पोटात.

या काक्षीशी महाराष्ट्रातल्या मुलांची ओळख वेगळ्या नावाने आधीच झालेली असते. शेतकऱ्याच्या घरात मृगापाठोपाठ आर्द्रा लागतात, पाऊस कसा पडेल त्याची चर्चा होते. त्या आर्द्रा नक्षत्राचा योगतारा, म्हणजे मुख्य तारा, म्हणजेच काक्षी, पुढेमागे सुपरनोव्हा होणारा. पण २२ जूनच्या सुमारास आर्द्रा 'लागतात' तेव्हा तो तारा रात्री दिसत नाही. सूर्य आर्द्रात गेला म्हणजे सूर्य त्या ताऱ्याच्या दिशेला आला, मग तारा दिवसा सूर्याबरोबर आकाशात असणार. नक्षत्र म्हणजे नेमकं काय, हे कळायला याहून घरगुती उदाहरण मिळणार नाही. तरी वर्गात 'बीटलजूस' फळ्यावर लिहून पाठ करून घेतात.

तो तारा पाहायचा तर जानेवारीच्या मध्यावर, रात्री आठच्या सुमाराला, अमावास्येच्या मागेपुढे. त्या वेळी मृग पूर्वेला अर्ध्या आकाशापर्यंत चढलेला असतो, मान वाकडी करावी लागत नाही. मोबाइल खिशात ठेवून पंधरा-वीस मिनिटं अंधारात काढायची, टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावायचा. तीन ताऱ्यांचा बाण सापडला की त्याच्या एका बाजूला तांबूस काक्षी, दुसऱ्या बाजूला निळसर पांढरा राजन्य. मुलांना रंग पटकन दिसत नाहीत. साध्या दुर्बिणीतून पाहताना फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ताऱ्याचा ठिपका पसरून लहानशी चकती होते आणि रंग उठून दिसतो. तांबडा तारा म्हणजे थंड आणि निळा म्हणजे तापलेला. नळाच्या तांबड्या-निळ्या खुणांच्या हे बरोबर उलट आहे, तेव्हा इथे दोनदा सांगावं लागतं.

मग नजर वृषभाकडे न्यायची. त्याच्या दोन शिंगांपैकी मृगाकडच्या शिंगाच्या टोकाशी एक मध्यम तेजाचा तारा आहे. हात पूर्ण लांब करून करंगळी धरली, तर तिची रुंदी आकाशात साधारण एक अंश भरते. त्या ताऱ्यापासून करंगळीभर अंतरावर काहीच दिसत नाही. ही रिकामी जागाच दाखवायची. ४ जुलै १०५४ रोजी चिनी निरीक्षकांनी तिथे नवा तारा नोंदवला. तो २३ दिवस भर उन्हात दिसत होता, आणि रात्री जवळजवळ पावणेदोन वर्षं. आज तिथे खेकड्याच्या नावाने ओळखला जाणारा तेजोमेघ आहे, सुमारे ६,५०० प्रकाशवर्षांवर, आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला ३० फेऱ्या मारणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळून उरलेला तोच टणक गाभा. अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं तो हाच काळ. आपल्याकडे कुणी त्याची नोंद केली का? डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय वाङ्मयात शोध घेतला, ठोस उल्लेख हाती लागला नाही. मुलांना कारण विचारा. जुलैतले ढग, हे उत्तर कुणीतरी देतंच. मग विचारा, दसऱ्यानंतर आकाश निवळलं, तेव्हाही तो होताच की. इथून पुढची चर्चा मुलांवर सोडून द्यावी.

मोठ्या दुर्बिणीतून हा तेजोमेघ दाखवायचा मोह मात्र आवरावा. शहरात तो दिसत नाही. गावाबाहेर लहान दुर्बिणीतून दिसतो तो राखाडी डाग. पडद्यावर रंगीत छायाचित्रं पाहिलेलं मूल तिथे हिरमुसतं, आणि त्याची चूक नसते. ती छायाचित्रं बराच वेळ प्रकाश साठवून घेतलेली असतात, रंगही बऱ्याचदा मागून भरलेले असतात. हे आधीच सांगितलं, तर तोच राखाडी डाग मुलं नीट डोळे ताणून पाहतात.

भीतीचा प्रश्न टाळू नये. 'सूर्य फुटेल का?' याला स्पष्ट 'नाही' म्हणावं. सूर्याच्या साधारण ८ पटींहून कमी वस्तुमानाचा एकटा तारा असा कोसळत नाही. सूर्य अजून सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगेल आणि शेवटी श्वेत बटू होऊन निवत जाईल. 'काक्षी फुटला तर आपण मरू का?' नाही. तो ५००-७०० प्रकाशवर्षांवर आहे, धोक्याचं अंतर काही दहा प्रकाशवर्षांचं. २०१९च्या अखेरीस तो मंदावला तेव्हा 'आता फुटणार' अशा बातम्या आल्या. निघालं काय, तर ताऱ्याने बाहेर टाकलेली धूळ आडवी आली होती. आणि 'कदाचित तो फुटलाही असेल, प्रकाश वाटेत असेल' हे लाडकं वाक्य हिशेबात टिकत नाही. त्याच्याकडे अजून लाखभर वर्षं असतील असं धरा. गेल्या ६०० वर्षांतच तो फुटला असण्याची शक्यता एक टक्काही भरत नाही. सातवीचं मूल हे गणित करू शकतं, त्याला ते करू द्यावं.

'आपण सगळे ताऱ्यांच्या राखेचे बनलो आहोत' हे वाक्यही जपून वापरावं. ऐकायला गोड आहे, पण सगळं सुपरनोव्हातून आलेलं नाही. शरीरातला हायड्रोजन विश्वाच्या आरंभीचा. ऑक्सिजन मुख्यतः मोठ्या कोसळणाऱ्या ताऱ्यांचा. कार्बनचा मोठा वाटा गुपचूप विझणाऱ्या मध्यम ताऱ्यांचा. रक्तातल्या लोखंडाचा बराचसा भाग त्या दुसऱ्या प्रकारच्या, श्वेत बटूच्या स्फोटातला. कोसळणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यातलं लोखंड तर बहुतांशी आतच अडकतं. आईच्या मंगळसूत्रातल्या सोन्याचा काही वाटा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून आलेला असणार. अशी एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ रोजी प्रत्यक्ष नोंदवली गेली.

हे सगळं शाळेत होत नाही ते पाठ्यपुस्तकामुळे नाही. आठवीच्या सामान्य विज्ञानात गेली काही वर्षं असलेलं 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हे प्रकरण ताऱ्यातला तोल व्यवस्थित सांगतं. पण ते पुस्तकात शेवटचं, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर दोन तासांत उरकलं जातं आणि वस्तुमानानुसार तीन शेवट पाठ करण्यापुरतं उरतं. खर्चाचंही असंच. निधी आला की मोठी दुर्बीण घेतात, कारण तिचं उद्घाटन होतं. ६० मुलांना एकेक मिनिट द्यायचं तर तास जातो, दर पाच मिनिटांनी तारा चौकटीतून सरकतो, आणि जोडणी येणाऱ्या शिक्षकांची बदली झाली की ती कपाटात जाते. त्याच पैशात १०×५० च्या चार-पाच साध्या द्विनेत्री दुर्बिणी येतात. त्या गळ्यात अडकवता येतात आणि वापरायला कुणी शिकवावं लागत नाही. बाकी सुतळी, फुटबॉल आणि गव्हाचा दाणा शाळेत असतोच.

वेळापत्रकही आपणच बदलू शकतो. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन शाळांमध्ये सकाळी दहाला साजरा होतो: भाषण, रांगोळी, ज्वालामुखीची प्रतिकृती. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला मृग जवळजवळ डोक्यावर आलेला असतो, आणि शाळेच्या फाटकाला कुलूप असतं.